सी भाषेत हँडशेकचे पुनःप्रयत्न: मुदत, बॅकऑफ आणि नेमकं कुठे चुकतं

ब्लॉकिंग (निकाल लागेपर्यंत थांबवून ठेवणाऱ्या) सॉकेटवर कनेक्ट() केलं आणि समोरून ना होकार आला ना नकार, तर लिनक्सवर तो थ्रेड दोन मिनिटांहून जास्त वेळ तिथेच अडकून राहतो. कर्नल पहिलं सिन पॅकेट (हँडशेकची, म्हणजे जोडणी जुळवणाऱ्या देवाणघेवाणीची, सुरुवात) पाठवतं, १ सेकंद वाट पाहतं, पुन्हा पाठवतं, मग २, ४, ८, १६, ३२ आणि शेवटी ६४ सेकंद थांबतं. टीसीपी_सिन_रिट्राइज या सेटिंगची मूळ किंमत ६ आहे. पहिलं पॅकेट आणि सहा पुनःप्रयत्न धरून वाट पाहण्याची बेरीज होते १२७ सेकंद, आणि तेव्हा कुठे ईटाइमडआउट (वेळ संपल्याची एरर) हाती येतं. अलीकडच्या कर्नलमध्ये सुरुवातीची काही अंतरं दुप्पट न होता एकेका सेकंदाची असतात, पण एकूण काळ दोन मिनिटांच्या थोडा पुढेच जातो.

थोडक्यात, एक बॅकऑफ (दर अपयशानंतर वाढत जाणारा विराम) कर्नलमध्ये आधीपासून चालू असतो आणि आपण लिहितो तो त्याच्यावरचा दुसरा थर. हे विसरून वरच्या थराला १ सेकंदाचा टाइमआउट लावला, की कर्नल दुसरं सिन पाठवायच्या बेतात असतानाच आपण सॉकेट बंद करतो. एखादं पॅकेट हरवणाऱ्या नेटवर्कवर मग प्रत्येक प्रयत्नाला एकच संधी मिळते. एका पत्त्यासाठी ३.५ सेकंद हा आकडा चांगला चालतो: जुन्या कर्नलवर ०, १ आणि ३ सेकंदांना अशी तीन सिन जातात, नव्यावर चार, आणि शेवटच्या सिनच्या उत्तराला अर्धा सेकंद उरतो. उपग्रहासारख्या संथ दुव्यावर तो अर्धा सेकंद पुरत नाही, तिथे ४ ते ५ सेकंद द्या.

(फंक्शन, एरर आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.)

एक प्रयत्न म्हणजे नक्की काय

लूप लिहायच्या आधी हे ठरवा. नाव सोडवणं, टीसीपी जुळणं, टीएलएस (एन्क्रिप्शनचा थर) हँडशेक आणि सर्व्हरचं पहिलं अर्थपूर्ण उत्तर, हे चारही टप्पे मिळून एक प्रयत्न होतो. यातला फक्त टीसीपीचा टप्पा टाइमआउटमध्ये धरला, तर सर्व्हरने कनेक्शन स्वीकारून पुढे गप्प बसायचं ठरवलं की तुमचा प्रोग्रामही गप्प बसतो. लोड बॅलन्सरच्या (येणाऱ्या जोडण्या अनेक सर्व्हरांत वाटणाऱ्या यंत्रणेच्या) मागचा सर्व्हर मेलेला असेल तर नेमकं हेच घडतं. बॅलन्सर टीसीपी जुळवून देतो, पुढे काहीच येत नाही.

चारही टप्प्यांना मिळून एकच मुदत द्या, समजा १० सेकंद. ही मुदत «किती वेळ उरला» अशी न ठेवता «कोणत्या क्षणी संपते» अशी ठेवा. प्रयत्न सुरू होताना क्लॉक_गेटटाइम() ने क्लॉक_मोनोटॉनिक (कधीच मागे न जाणारं घड्याळ) वाचा, त्याचे मिलिसेकंद करून ६४ बिटांच्या पूर्णांकात घ्या, त्यात १०००० मिळवा आणि तो आकडा प्रत्येक फंक्शनला पुढे देत जा. भिंतीवरच्या घड्याळाची वेळ, म्हणजे क्लॉक_रिअलटाइम, इथे वापरायची नाही. एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेने) घड्याळ मागे सरकवलं की मुदत तेवढी लांबते. बॅटरीवर घड्याळ न चालणाऱ्या छोट्या उपकरणात तर बूट झाल्यावर वेळ एकदम वर्षानुवर्षं पुढे उडी मारते.

मुदतीतून आत्ताची वेळ वजा करून उरलेले मिलिसेकंद देणारं एक छोटं फंक्शन लिहा आणि पोल() ला (सॉकेटवर काही घडेपर्यंत किंवा टाइमआउट संपेपर्यंत थांबणाऱ्या कॉलला) नेहमी त्याचंच उत्तर द्या. त्यात दोन गोष्टी सांभाळा. नॅनोसेकंदांचे मिलिसेकंद करताना वरच्या बाजूला पूर्ण करा, नाही तर शेवटच्या मिलिसेकंदात पोल(०) च्या चकरा सुरू होतात. आणि उत्तर ऋण आलं तर शून्य करा. पोल() ला ऋण टाइमआउट म्हणजे «कायम थांब», त्यामुळे मुदत उलटून गेल्यावर नेमका तेव्हाच प्रोग्राम गोठतो. मशीनवर ताण आला की ही चूक वर येते, एरवी महिनोन्महिने दिसत नाही.

टीसीपीचा टप्पा

सॉकेट उघडतानाच सॉक_नॉनब्लॉक आणि सॉक_क्लोएक्सेक हे दोन्ही झेंडे लावा. कनेक्ट() करा. शून्य आलं तर जुळलं. उणे एक आलं आणि एररनो (शेवटच्या एररचा आकडा) ईइनप्रोग्रेस (जोडणी अजून चालू) असेल तर पोल() मध्ये पोलआउटची (सॉकेट लिहिण्याजोगं झाल्याची) वाट पाहा. पोल() ला ईइंटर (सिग्नलमुळे व्यत्यय) आलं तर उरलेला वेळ नव्याने मोजून परत पोल() करा, कनेक्ट() परत करू नका. ब्लॉकिंग सॉकेटवरही हेच लागू आहे: सिग्नलमुळे कनेक्ट() मध्येच परतलं तरी जोडणी मागे चालूच असते, आणि पॉसिक्स या मानकाप्रमाणे दुसऱ्यांदा कनेक्ट() केलं की ईऑलरेडी मिळतं. इतर सिस्टिम कॉलसाठी लिहिलेला «ईइंटर आलं की पुन्हा बोलवा» हा मॅक्रो इथे लावला की चुकलंच.

पोलआउट आलं म्हणजे जुळलं असं नाही. फसलेलं सॉकेटही लिहिण्याजोगं म्हणूनच दिसतं. खरा निकाल गेटसॉकऑप्ट() ने एसओ_एरर विचारल्यावर कळतो: शून्य असेल तर जुळलं, नाही तर तोच एररचा आकडा. ही किंमत वाचली की सॉकेटमधली पुसली जाते. म्हणून एकदाच वाचा आणि चलात ठेवा. लॉगसाठी दुसऱ्यांदा वाचलीत तर शून्य येईल आणि लॉगमध्ये फसलेल्या जोडणीपुढे «यशस्वी» असं छापलं जाईल.

फसलेलं सॉकेट परत वापरायचं नाही. त्याची अवस्था काय असेल याची हमी पॉसिक्स देत नाही. लिनक्सवर कधी कधी चालून जातं आणि म्हणूनच सवय लागते, पण दुसऱ्या प्रणालीवर तेच अंगाशी येतं. एरर आधी चलात घ्या, मग क्लोज() करा, कारण क्लोज() स्वतः एररनो बदलू शकतं. पुढच्या प्रयत्नाला नवं सॉकेट.

सिलेक्ट() ऐवजी पोल() का, तर सिलेक्ट() चा संच १०२४ डिस्क्रिप्टरपर्यंतच (उघड्या सॉकेट-फाइलींच्या क्रमांकांपर्यंतच) असतो. त्यापुढचा आकडा एफडी_सेट() ला दिला की स्टॅकवरची शेजारची मेमरी खराब होते, आणि ती चूक शोधणं फार जिकिरीचं.

एक विचित्र प्रकार स्वतःच्याच मशीनवर जोडणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. लिनक्सवर तात्पुरत्या पोर्टांची मूळ मर्यादा ३२७६८ ते ६०९९९ आहे. तुमचा सर्व्हर या मर्यादेतल्या पोर्टवर, समजा ४०००० वर, ऐकणारा असेल आणि सध्या बंद असेल, तर सतत प्रयत्न करणाऱ्या क्लायंटला कर्नल कधी तरी स्वतःचं पोर्ट म्हणून ४०००० देतं. मग सॉकेट स्वतःशीच जुळतं. कनेक्ट() यशस्वी, लिहिलेलं सगळं परत वाचायला मिळतं, आणि खरा सर्व्हर उठायला गेला की त्याला ईअॅडरइनयूज. जुळल्यावर गेटसॉकनेम() आणि गेटपीअरनेम() चे पत्ते व पोर्ट सारखे आहेत का ते तपासा, सारखे असतील तर बंद करून पुढच्या फेरीला जा. खरा उपाय म्हणजे सर्व्हरचं पोर्ट ३२७६८ च्या खाली ठेवणं.

नाव सोडवणं

गेटअॅडरइन्फो() ला टाइमआउट देता येत नाही. जीलिबसीचा (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीचा) रिझॉल्व्हर प्रत्येक नेमसर्व्हरसाठी ५ सेकंद थांबतो आणि यादी दोनदा फिरतो, म्हणजे दोन मेलेले नेमसर्व्हर असतील तर तुमची १० सेकंदांची मुदत इथेच संपून वर आणखी १० जातात. रिझॉल्व्ह.कॉन्फ तुमच्या ताब्यात असेल तर टाइमआउट १ आणि अटेम्प्ट्स २ करा. नसेल तर हे काम वेगळ्या थ्रेडवर टाका आणि मुदतीपर्यंतच त्याची वाट पाहा. त्या थ्रेडला मध्येच मारू नका, त्याचं उत्तर आलं की त्यालाच ते मोकळं करू द्या.

ईएआय_अगेन (तात्पुरतं अपयश) आलं तर पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ आहे. ईएआय_नोनेम बहुतेक वेळा चुकीचं नाव असतं, तिथे लगेच तक्रार छापा. नाव दर फेरीला नव्याने सोडवा. एकदा मिळालेला पत्ता जपून ठेवला तर सर्व्हर दुसऱ्या पत्त्यावर हलल्यावर क्लायंट जुन्या घराचं दार वाजवत बसतो. उत्तरात अनेक पत्ते आले तर सगळे चाळा आणि मगच फेरी फसली असं धरा. मात्र एका पत्त्याला सगळी मुदत खाऊ देऊ नका, त्यासाठीच वर ३.५ सेकंदांची वेगळी मर्यादा आहे. आयपीव्ही६ अर्धवट चालू असलेल्या नेटवर्कवर हाच फरक जाणवतो.

कोणत्या एररवर थांबायचं, कोणत्यावर नाही

ईकनरिफ्यूज्ड, ईटाइमडआउट, ईहोस्टअनरीच, ईनेटअनरीच, ईकनरिसेट: पुन्हा प्रयत्न करा. यातलं ईकनरिफ्यूज्ड क्षणात परत येतं, त्यामुळे बॅकऑफमध्ये चूक असेल तर सेकंदाला हजारो प्रयत्न करणारा लूप याच एररवर दिसतो.

ईअॅक्सेस, ईपर्म, ईएएफनोसपोर्ट, ईइनव्हॅल, ईबॅडएफ: पुन्हा करून काही बदलणार नाही. फायरवॉलचा नियम किंवा तुमच्याच कोडमधली चूक आहे. थांबा आणि सांगा.

उरलेले दोन जास्त बोलके आहेत. ईएमफाइल आलं म्हणजे डिस्क्रिप्टर संपले. नेहमीची सौम्य मर्यादा १०२४ असते, आणि पुनःप्रयत्नांच्या लूपमध्ये ती संपली तर कुठल्या तरी चुकीच्या वाटेवर क्लोज() राहून गेलंय हे जवळपास नक्की. ईअॅडरनॉटअव्हेल आलं म्हणजे त्या एका ठिकाणाकडे जाणारी तात्पुरती पोर्टं संपली. लिनक्सवर स्वतःहून बंद केलेली जोडणी टाइम_वेटमध्ये (बंद झाल्यावरच्या प्रतीक्षा-अवस्थेत) ६० सेकंद राहते, त्यामुळे पटापट जोडून तोडणारा लूप स्वतःच स्वतःची वाट बंद करतो.

किती थांबायचं

पाया २५० मिलिसेकंद, कमाल ३० सेकंद, प्रत्येक अपयशानंतर दुप्पट: २५०, ५००, १०००, २०००, ४०००, ८०००, १६०००, आणि मग ३०००० वर स्थिर. हे आकडे थांबण्याची वरची हद्द आहेत. प्रत्यक्षात थांबायचं ते शून्य ते त्या हद्दीमधल्या यादृच्छिक काळाइतकं. सर्व्हर एकदा बसला की त्याचे सगळे क्लायंट एकाच क्षणी तुटतात. सगळ्यांनी नेमकं एक सेकंद, मग नेमके दोन सेकंद थांबून दार वाजवलं तर उठू पाहणारा सर्व्हर प्रत्येक लाटेत पुन्हा बसतो. टीएलएस हँडशेक सर्व्हरला फार महाग पडतो, त्यामुळे ही लाट साध्या टीसीपीपेक्षा जड असते. दुप्पट करण्याने लाटांमधलं अंतर वाढतं, लाट मोडत नाही. ती मोडतो जिटर, म्हणजे थांबण्यातला हा यादृच्छिकपणा. माझ्या मते दोन्हींतलं एकच निवडायचं झालं तर जिटर निवडावा. शून्याच्या जवळचे आकडे नकोत म्हणून ५० मिलिसेकंदांची खालची हद्द ठेवा.

सीमध्ये हे लिहिताना सर्रास दिसणारी ओळ म्हणजे पायाला प्रयत्नाच्या क्रमांकाइतकं डावीकडे शिफ्ट करणं आणि मग कमालीशी तुलना करून लहान ते घेणं. ती हळूच कशी फुटते पाहा. २५० ला २३ वेळा दुप्पट केलं की २०९७१५२००० होतात, ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात हे जेमतेम मावतं. चोविसाव्या वेळी ते ओसंडतं. भाषेच्या नियमाने हे अव्याख्यात वर्तन, पण प्रत्यक्षात बहुतेक वेळा हाती येतं उणे १००६६३२९६. कमाल ३०००० पेक्षा हे «लहान», म्हणून तेच निवडलं जातं, आणि ते पोल() ला दिलं की ऋण टाइमआउट म्हणून प्रोग्राम कायमचा झोपतो. जिटर नसेल तर २५० पासून सुरू करून इथपर्यंत पोचायला साधारण नऊ मिनिटं लागतात. म्हणजे दोन मिनिटांच्या चाचणीत सगळं ठीक, आणि सर्व्हर दहा मिनिटं बंद राहिला की क्लायंट परत कधीच येत नाही.

म्हणून शिफ्ट नको. हद्द चलात ठेवा आणि वाढवताना आधी तपासा:

हद्द = पाया
लूप:
  निकाल = प्रयत्न(आत्ता + १००००)
  निकाल यशस्वी असेल तर बाहेर
  निकाल कायमचा असेल तर एरर सांगून बाहेर
  थांब = यादृच्छिक(० ते हद्द)
  थांब ५० पेक्षा कमी असेल तर थांब = ५०
  थांब इतके मिलिसेकंद वाट पाहा, बंद होण्याचा इशारा आला तर बाहेर
  हद्द > कमाल / २ असेल तर हद्द = कमाल, नाही तर हद्द = हद्द × २

यादृच्छिक आकडा कुठून आणता यावर सगळं अवलंबून आहे. एसरँड() ला टाइम(नल) दिलं, आणि वीज परत आल्यावर शंभर उपकरणं एकाच सेकंदात उठली, तर शंभरांनाही तीच बी (यादृच्छिक क्रमाचा आरंभाचा आकडा) आणि तोच आकड्यांचा क्रम मिळतो. जिटर कोडमध्ये आहे, पण परिणामात नाही. जीलिबसी २.३६ पासून पुढे आणि बीएसडींवर आर्क४रँडम_युनिफॉर्म() आहे, तेच घ्या. त्याआधीच्या जीलिबसीवर, २.२५ पासून, गेटरँडम() मिळतं.

वाट पाहायला स्लीप() किंवा नॅनोस्लीप() वापरलंत तर प्रोग्राम बंद करताना ३० सेकंद ताटकळावं लागतं. त्याऐवजी एक पाइप किंवा इव्हेंटएफडी ठेवा आणि त्याच्यावर पोल() करा, थांब हाच टाइमआउट देऊन. इशारा आला की लगेच बाहेर. नेटवर्क परत आल्याची खबर मिळत असेल तर तीही याच पोल() मध्ये घाला, आणि खबर आल्यावरही जिटरचा छोटा विराम घ्या, कारण ती खबर सगळ्यांना एकदमच मिळालेली असते.

टीएलएसचा टप्पा

ओपनएसएसएल या टीएलएसच्या लायब्ररीत सॉकेट नॉनब्लॉकिंगच राहू द्या. दर वेळी एसएसएल_कनेक्ट() च्या आधी ईआरआर_क्लिअर_एरर() करा, नाही तर त्याच थ्रेडवरची जुनी एरर रांगेत राहून एसएसएल_गेट_एरर() चुकीचं सांगतं. वाँट_रीड आलं तर पोलइनची, वाँट_राइट आलं तर पोलआउटची वाट पाहा आणि त्याच एसएसएल वस्तूवर परत एसएसएल_कनेक्ट() करा. ही पुनरावृत्ती म्हणजे पुनःप्रयत्न नव्हे, तोच हँडशेक पुढे जातोय. प्रत्येक फेरीत मुदत तीच ठेवा. बाइट आला की टाइमआउट नव्याने सुरू केला, तर दर चार सेकंदांना एक बाइट पाठवणारा सर्व्हर तुम्हाला हवा तितका वेळ धरून ठेवू शकतो.

अपयश दोन तऱ्हेचं. सर्टिफिकेट जुळलं नाही, नाव वेगळं निघालं, प्रोटोकॉलची आवृत्ती पटली नाही: हे पुन्हा करून सुटत नाही. याला एकच अपवाद. सर्टिफिकेट «अजून लागू नाही» असं आलं तर उपकरणाचं घड्याळ अजून लागलेलं नसेल, तेव्हा वेळ जुळेपर्यंत थांबून परत प्रयत्न करा. सर्टिफिकेटची तपासणी बंद करणं हा त्यावर उपाय नाही.

दुसरी तऱ्हा म्हणजे सर्व्हरने मध्येच जोडणी सोडणं, आणि इथे आवृत्तीचा घोळ आहे. ओपनएसएसएल १.१.१ मध्ये असं झालं की एसएसएल_एरर_सिसकॉल येतं आणि एररनो शून्य असतो. ३.० पासून तीच गोष्ट एसएसएल_एरर_एसएसएल म्हणून येते, कारण «वाचताना अनपेक्षित शेवट» असं. «एसएसएल_एरर_एसएसएल म्हणजे कायमचं अपयश» असा जुना नियम तुमच्या कोडमध्ये असेल, तर लायब्ररी बदलल्यावर सर्व्हरच्या साध्या रीस्टार्टलाही क्लायंट हात टेकतो. कारणाचा कोड काढून हा एक प्रकार वेगळा करा.

या दोन्ही एररनंतर एसएसएल_शटडाउन() करायचं नाही. एसएसएल_फ्री(), क्लोज(), आणि पुढच्या फेरीला नवी वस्तू. एसएसएल_सीटीएक्स मात्र तोच वापरा, तो परत परत बनवणं उगाच महाग. सर्व्हरचं नाव आणि तपासायचं होस्टनाव प्रत्येक नव्या वस्तूवर पुन्हा लावायला विसरू नका. पहिला प्रयत्न चालतो आणि दुसऱ्यापासून भलतंच सर्टिफिकेट येतं, याचं कारण बहुधा इथेच सापडतं. सिगपाइप (तुटलेल्या जोडणीवर लिहिल्यावर येणारा सिग्नल) सुरुवातीलाच दुर्लक्षित करा.

हद्द परत पायावर कधी आणायची

कनेक्ट() यशस्वी झालं की लगेच हद्द २५० करणं ही या सगळ्यातली सर्वांत महागडी चूक. सर्व्हर जोडणी घेऊन लगेच तोडत असेल, तर प्रत्येक फेरी «यशस्वी» ठरते आणि बॅकऑफ कधी वाढतच नाही. सर्व्हरचं पहिलं खरं उत्तर आल्यावर, म्हणजे लॉगिन मान्य झाल्यावर किंवा पहिला संदेश पोचल्यावर, वर जोडणी निदान ३० सेकंद टिकली असेल तरच हद्द पायावर आणा.

तपासणी

चार परिस्थिती हाताने घडवून पाहा. बंद पोर्टावर जोडा: ईकनरिफ्यूज्ड यायला हवं आणि लॉगमधली अंतरं वाढत जायला हवीत. आयपीटेबल्सने त्या पोर्टावरचं येणारं पॅकेट ड्रॉप करा: प्रत्येक पत्त्याला ३.५ सेकंदच लागायला हवेत, आणि तेवढ्यात एसएस कमांडमध्ये जोडणी सिन-सेंट दिसायला हवी. एनसी ला (येणारी जोडणी नुसती स्वीकारणाऱ्या कमांडला) ऐकत ठेवा आणि त्याच्याशी टीएलएसने जोडा: टीसीपी लगेच जुळेल, उत्तर येणार नाही, आणि प्रयत्न दहाव्या सेकंदाला संपायला हवा. शेवटची म्हणजे जोडणी घेऊन लगेच तोडणारा छोटा सर्व्हर लिहा, त्याने हद्द परत पायावर येते का ते उघडं पडतं.

नंतर पाया १ आणि कमाल ४ मिलिसेकंद करून, ५० ची खालची हद्द काढून, बंद पोर्टावर पन्नास हजार फेऱ्या चालवा. प्रॉक मधल्या त्या प्रोसेसच्या एफडी फोल्डरातल्या नोंदी सुरुवातीला मोजा आणि शेवटी मोजा. आकडा एकाने जरी वाढला असेल, तर फसलेल्या वाटांपैकी एकीवर क्लोज() राहिलंय.